नर्गिस : डॉक्टर व्हायची राहून गेलेली मुलगी

शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत सिनेमाच्या नटीवर लेख पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. शाळा कुठे आणि सिनेमा कुठे, असे मनात येणे साहजिक आहे. सिनेमाच्या नादाने मुले बिघडतात ही तक्रार आपल्या घराघरांतून ऐकू येते, आणि तिच्यात काहीच तथ्य नाही असेही म्हणता येणार नाही. पण आपल्याच घरातील नानी, दादी किंवा खाला जुन्या सिनेमाची आठवण काढू लागली की तिचा आवाज कसा मऊ होतो, हे आपण पाहिले आहे ना? नूतन, मीनाकुमारी, दुर्गा खोटे, सुलोचना, नर्गिस ही नावे ती नात्यातल्या बायकांची घ्यावीत तशी घेते. बंडी जुंपून वरोऱ्याला किंवा चांद्याला सिनेमा पाहायला गेलेली ती पिढी. सासू, सून, दीर, लहान पोर असे सारे घर एका ओळीत बसून तो सिनेमा पाहू शकत होते आणि कोणाला मान खाली घालावी लागत नव्हती. पडद्यावरची बाई आपल्यासारखीच पदर सावरते, चूल पेटवते, कर्ज फेडते, रडते आणि पुन्हा उठून उभी राहते, असे त्यांना वाटे.

त्या काळाचा हळवेपणा मला मान्य आहे. मात्र जुन्या गोष्टींची आठवण काढताना आपण त्यांची किंमत विसरतो. पडद्यावर आपण ज्यांना घरंदाज, सोज्ज्वळ म्हणून डोक्यावर घेतले, त्यांना स्वतःच्या आयुष्यात काय सोडावे लागले, हे आपण विचारत नाही. म्हणून आज त्यांपैकी एकीची जीवनकहाणी आपल्यापुढे ठेवतो. सारा देश त्यांना 'मदर इंडिया' म्हणून ओळखतो. पण त्या मुलीला नटी व्हायचेच नव्हते. तिला डॉक्टर व्हायचे होते.

नर्गिस यांचे मूळ नाव फातिमा रशीद. १ जून १९२९ रोजी कलकत्त्यात त्यांचा जन्म झाला. आई जद्दनबाई या नावाजलेल्या गायिका. ठुमरी-दादऱ्याच्या गायकीत त्यांनी मोठे नाव मिळवले होते. ज्या घराण्यात आणि ज्या परंपरेत त्या वाढल्या, तिच्याकडे तेव्हाचा समाज रात्री दाद देत असे आणि दिवसा पाठ फिरवीत असे. परंतु जद्दनबाई हिमतीच्या होत्या. बोलपट सुरू झाले तेव्हा त्या मुंबईला आल्या, स्वतःची चित्रपटसंस्था काढली आणि १९३५ च्या 'तलाशे हक' या चित्रपटाला स्वतः संगीत दिले. हिंदी चित्रपटांना संगीत देणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. वडील उत्तमचंद मोहनचंद हे रावळपिंडीकडच्या सधन हिंदू घराण्यातले. लोक त्यांना मोहनबाबू म्हणत. तेही वैद्यकीच्या शिक्षणासाठी घरून निघालेले होते. जद्दनबाईंशी विवाह करून त्यांनी इस्लाम स्वीकारला, अब्दुल रशीद झाले आणि डॉक्टरकी मागे पडली. वडिलांचे ते स्वप्न मुलीच्या मनात कसे उतरले असेल, याचा विचार आपणच करावा.

'तलाशे हक' मध्ये पाच-सहा वर्षांची फातिमा 'बेबी राणी' या नावाने पडद्यावर दिसली. घरचाच चित्रपट, घरचेच मूल. एवढ्याने कोणाचे आयुष्य ठरत नाही. पुढे तिला मुंबईच्या क्वीन मेरी शाळेत घातले गेले. मरीन ड्राइव्हवरच्या घरी राहणारी ही मुलगी भावांबरोबर क्रिकेट खेळे, इंग्रजी बोले आणि मोठेपणी डॉक्टर होईन असे सांगे. आईनेही आधी तिला सिनेमापासून दूर ठेवून शिकू दिले होते. वाचकहो, १९३० ते १९४० च्या दशकातली ही गोष्ट आहे. त्या काळी मुलीने डॉक्टर होण्याची इच्छा धरणे, तेही अशा घरात जन्मलेल्या मुलीने, ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु घराची गरज शाळेची वाट पाहत नाही. जद्दनबाईंच्या चित्रपटसंस्थेला फार वर्षे तग धरता आला नाही. घर मोठे होते, येणारे-जाणारे पुष्कळ आणि मिळकत उतरत चाललेली. अशा वेळी दिग्दर्शक मेहबूब खान यांना 'तकदीर' या चित्रपटासाठी नवी नायिका हवी होती. आईने मुलीला चाचणीसाठी पाठवले. आपण नापास होऊ आणि पुन्हा शाळेत जाऊ, अशी आशा मनात धरून ती गेली, असे सांगितले जाते. पण ती पास झाली. मोतीलाल यांच्यासारख्या नामांकित नटाबरोबर ती नायिका झाली, आणि १९४३ साली 'तकदीर' लोकांपुढे आला तेव्हा तिचे वय अवघे चौदा होते. फातिमाची नर्गिस झाली आणि शाळेचे दप्तर कायमचे बाजूला पडले.

येथे जद्दनबाईंना दोष देणे फार सोपे आहे. मी तो देणार नाही. ज्या बाईने स्वतः गळ्याच्या जोरावर घर चालवले, तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता? हाती असलेली एकच विद्या तिने मुलीच्या हाती दिली. आपल्या भद्रावतीतही किती आई-बाप असेच करतात! ते मुलीचे वैरी नसतात. घरात आजारपण येते, बापाचे काम सुटते, धाकटी भावंडे असतात, आणि आठवी-नववीतल्या मुलीला घरी बसवले जाते किंवा कामाला लावले जाते. त्या दिवशी तो निर्णय शहाणपणाचाच वाटतो. त्याचा हिशेब पुढे वीस-तीस वर्षांनी कळतो.

सिनेमात तेव्हा काम करणाऱ्या मुलीकडे समाज कोणत्या नजरेने पाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. लोक तिकीट काढून पाहायला येत आणि घरी जाऊन नाव ठेवीत. अशा जगात चौदा वर्षांची मुलगी पाऊल टाकते. १९४९ च्या एप्रिल महिन्यात जद्दनबाईंचे निधन झाले. नर्गिस तेव्हा वीस वर्षांच्याही नव्हत्या. भाऊ अख्तर हुसेन, अन्वर हुसेन आणि त्यांची कुटुंबे असा सारा पसारा होता, आणि घराची मुख्य कमावती व्यक्ती होती ही तरुण मुलगी. त्याच वर्षी मेहबूब खान यांचा 'अंदाज' आणि राज कपूर यांचा 'बरसात' असे त्यांचे दोन चित्रपट गाजले. नर्गिस हे नाव घरोघरी पोहोचले. आई गमावण्याचे दुःख आणि कीर्तीचे शिखर एकाच वर्षात वाट्याला आले.

आता एक गमतीची आणि विचार करण्यासारखी गोष्ट पाहा. ज्या मुलीची शाळा सुटली, ती पडद्यावर कोण झाली? १९५१ च्या 'आवारा' मध्ये त्या वकील झाल्या आणि काळा कोट घालून न्यायालयात आरोपीच्या बाजूने उभ्या राहिल्या. १९५५ च्या 'श्री ४२०' मध्ये त्या गरीब वस्तीतल्या मुलांना शिकवणारी शिक्षिका झाल्या. त्या पात्राचे नावच विद्या! नायक पैशाच्या मोहात वाहवत जातो आणि ही साधी पांढऱ्या साडीतली मास्तरीण त्याला प्रामाणिकपणाची आठवण देते. 'जागते रहो' मध्ये त्या अगदी शेवटी काही क्षणच दिसतात. रात्रभर पाण्याच्या एका घोटासाठी तडफडणाऱ्या खेडुताला त्या पाणी पाजतात. वकील, शिक्षिका, तहानलेल्याला पाणी देणारी बाई. हातात पुस्तक घेतलेली, स्वतःचे मत असलेली स्त्री आदरणीय असू शकते, हे त्या काळच्या लाखो प्रेक्षकांना नर्गिस यांच्या चेहऱ्यातून दिसले. 'आवारा' तर रशियापर्यंत पोहोचला आणि तिथल्या सामान्य लोकांनीही त्यांच्यावर आपल्यासारखेच प्रेम केले.

राज कपूर यांच्याबरोबर त्यांनी पंधराहून अधिक चित्रपट केले. त्या दिवसांबद्दल लोक आजही नाना गोष्टी बोलतात. त्या गोष्टींत शिरण्याचे आपल्याला कारण नाही. तो टप्पा त्यांनी स्वतःच संपवला आणि मान वर ठेवून त्या पुढे निघाल्या, एवढे सांगणे पुरे.

पुढे आला 'मदर इंडिया'. मेहबूब खान यांनी १९४० साली 'औरत' नावाचा चित्रपट केला होता. तीच कथा त्यांनी पुन्हा मोठ्या प्रमाणावर उभी केली आणि राधेची भूमिका नर्गिस यांना दिली. हा चित्रपट २५ ऑक्टोबर १९५७ रोजी लोकांपुढे आला. नवी नवरी म्हणून घरात येणारी राधा, पुढे पोरांची आई, आणि शेवटी पांढऱ्या केसांची म्हातारी, हे सारे अठ्ठावीस वर्षांच्या नर्गिस यांनी उभे केले. त्यांच्या मुलाचे, बिरजूचे काम करणारे सुनील दत्त हे वयाने त्यांच्याहून फक्त पाच दिवसांनी लहान होते, हे सांगितले तर आज पाहणाऱ्याला खरे वाटत नाही.

आपला मुलूख धान आणि कापसाचा. म्हणून राधेची गोष्ट आपल्या वडिलांना कोणी समजावून सांगावी लागली नाही. लग्नासाठी सासूने सावकाराकडून कर्ज घेतलेले असते. अंगठा उठवलेल्या कागदावर नेमके काय लिहिले आहे, हे घरात कोणालाच वाचता येत नाही. पंचायत भरते आणि न्याय सावकाराच्या बाजूने लागतो, कारण कागद त्याच्या हातात असतो. व्याज भरता भरता पीक जाते, बैल जातात, राधेच्या हातची कांकणेही जातात. नवऱ्याचे दोन्ही हात दगडाखाली चिरडले जातात आणि तो घर सोडून निघून जातो. पूर येतो. राधा स्वतः नांगराला खांदा लावते. भुकेल्या मुलांसाठीही ती आपली अब्रू विकत नाही. आणि शेवटी तोच लाडका बिरजू सूडाने आंधळा होऊन सावकाराच्या मुलीला पळवून नेऊ लागतो, तेव्हा गावच्या लेकीची लाज राखण्यासाठी ती स्वतःच्या मुलावर गोळी झाडते.

सुज्ञ पालकहो, हा चित्रपट पाहून आपण आईच्या त्यागासाठी रडतो. रडावेच. परंतु पुन्हा पाहाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष द्या. त्या घराच्या सर्व दुःखाचे मूळ एका न वाचता आलेल्या कागदात आहे. राधेच्या घरात एक माणूस जरी शिकलेला असता तर? बिरजूचा राग सावकारावर जेवढा आहे तेवढाच त्याच्या वहीवर आहे, आणि ती वही त्याला वाचता येत नाही. साऱ्या देशाला रडवणारी ही कथा अक्षरओळखीचीही कथा आहे.

या चित्रपटाच्या चित्रीकरणात, मार्च १९५७ मध्ये, दक्षिण गुजरातमधील एका गावी गवताच्या गंजींना लावलेली आग वाऱ्याने भडकली आणि नर्गिस ज्वाळांत सापडल्या. सुनील दत्त यांनी आगीत उडी घेऊन त्यांना बाहेर काढले. ते स्वतः भाजले, आजारी पडले, आणि नर्गिस यांनी त्यांची शुश्रूषा केली. सुनील दत्त हे फाळणीत पंजाबातून उखडून आलेल्या कुटुंबातले. त्यांची बहीण आजारी होती. ते नर्गिस यांना कळले तेव्हा त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन तिला डॉक्टरकडे नेले आणि तिच्यावर उपचार करवले. पाहा, डॉक्टर व्हायचे राहून गेले तरी आजारी माणूस दिसला की ही बाई स्वस्थ बसत नव्हती. ११ मार्च १९५८ रोजी दोघांनी विवाह केला. दोघांचे धर्म वेगळे होते. संसार मात्र एक झाला आणि अखेरपर्यंत टिकला.

त्याच १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, 'मदर इंडिया' साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि चेकोस्लोव्हाकियातील कार्लोव्ही व्हारी महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला. 'मदर इंडिया' ऑस्करच्या शेवटच्या पाच परदेशी चित्रपटांत पोहोचला. तिथवर गेलेला तो पहिला भारतीय चित्रपट. कीर्ती अशी उंचावलेली असताना नर्गिस यांनी चित्रपट जवळजवळ सोडून दिले आणि तीन मुलांच्या संगोपनात रमल्या. १९६७ चा 'रात और दिन' हा त्यांचा शेवटचा मोठा चित्रपट. त्यासाठी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि पहिला मान त्यांचा.

यापुढचा त्यांचा जीवनपट कमी लोकांना ठाऊक आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. सुनील दत्त आणि नर्गिस यांनी 'अजंता आर्ट्स' नावाचे कलापथक उभारले. नावाजलेले कलावंत घेऊन ते सीमेवरच्या दुर्गम ठाण्यांवर जात आणि घरापासून दूर असलेल्या जवानांचे मन रिझवीत. १९७१ च्या युद्धानंतर हे पथक ढाक्यालाही गेले.

१९७२ साली मुंबईत डॉ. मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. जन्मतः किंवा लहानपणी मेंदूला इजा झाल्यामुळे ज्या मुलांचे हातपाय त्यांच्या ताब्यात राहत नाहीत, बोलणे अडखळते, अशा मुलांसाठी तिथे शाळा सुरू झाली. त्या काळी अशा मुलाला लोक वेडे समजत आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवीत. त्याला बुद्धी आहे, ते शिकू शकते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. नर्गिस या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या झाल्या. आपल्या नावाचे वजन त्यांनी या मुलांच्या पाठीशी उभे केले. ज्यांना कोणी शाळेत घेत नव्हते त्यांच्या शाळेसाठी, जिची स्वतःची शाळा अर्ध्यात सुटली ती बाई धावून गेली. मला वाटते, राहून गेलेल्या डॉक्टरकीची भरपाई त्यांनी या मार्गाने केली.

१९८० साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या चित्रपट अभिनेत्री. तेथे त्यांनी सत्यजित राय यांच्या चित्रपटांवर, ते देशाचे दारिद्र्य परदेशात दाखवतात, असा आक्षेप घेतला आणि त्यावरून त्यांच्यावर बरीच टीका झाली. ती टीका अयोग्य होती असे मी म्हणणार नाही. राधेचे दारिद्र्य जगाला दाखवणाऱ्या अभिनेत्रीने असे बोलावे, हे अनेकांना रुचले नाही. थोर माणसांच्याही हातून असे होते. ते लपवून चरित्र मोठे होत नाही.

राज्यसभेत त्यांना पुरते एक वर्ष काय ते मिळाले. स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. न्यूयॉर्कच्या मोठ्या रुग्णालयात दीर्घ उपचार झाले, त्या मायदेशी परतल्या, पण प्रकृती पुन्हा ढासळली. ३ मे १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बावन्न वर्षे पुरी व्हायला एक महिना उरला होता. मुलगा संजय याचा पहिला चित्रपट 'रॉकी' त्यानंतर अवघ्या काही दिवसांत लोकांपुढे आला. आईला तो पाहता आला नाही. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आले.

पत्नीच्या वियोगाचे दुःख सुनील दत्त यांनी कर्करोग्यांच्या सेवेकडे वळवले. त्यांनी नर्गिस यांच्या स्मरणार्थ कर्करोग प्रतिष्ठान स्थापन केले. आपल्या महाराष्ट्रात, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला, त्यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या शेतकरी बायाबापड्यांना तेथे उपचार मिळतात. राष्ट्रीय एकात्मतेवरील उत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्कारालाही अनेक वर्षे त्यांचे नाव होते. २०२४ साली पुरस्कारांची फेररचना झाली आणि ते नाव वगळले गेले. पुरस्कारांची नावे बदलतात. पण बार्शीच्या दवाखान्याच्या दारावर डॉक्टर व्हायची राहून गेलेल्या त्या मुलीचे नाव आहे.

पालकहो, आता या कहाणीचे तात्पर्य काढू या. कोणी म्हणेल, शाळा सुटली म्हणून तर नर्गिस झाली, शिकली असती तर शेकडो डॉक्टरांतली एक झाली असती. हा युक्तिवाद फसवा आहे. शाळा सुटलेल्या लाखो मुलींतून एक नर्गिस होते. उरलेल्या मुलींचे काय होते, ते आपण आपल्याच मोहल्ल्यात पाहतो. आणि ज्या एकीला सर्व काही मिळाले, तिलाही शाळेची ती वर्षे कोणी परत आणून दिली नाहीत.

आज जद्दनबाईंपुढे होती तशी लाचारी आपल्यापैकी बहुतेकांपुढे नाही. गावात शाळा आहेत, चंद्रपूरला वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिष्यवृत्त्या आहेत. आपण कोळसा खाणीत, आयुध निर्माणीत, दुकानात किंवा शेतात राबता ते कोणासाठी? घरात अडचण येईल तेव्हा पहिला घाव मुलीच्या तालमीवर घालू नका. एखादा दागिना थांबेल, लग्नातला एखादा खर्च थांबेल. शाळा थांबली की ती सहसा पुन्हा सुरू होत नाही.

आणि विद्यार्थिनींनो, तुम्हाला दोन शब्द. तुमच्या नानीला 'मदर इंडिया' ची आठवण विचारा. ती सांगेल, ऐकता ऐकता तिचे डोळे भरून येतील. मग तिला हेही विचारा की लहानपणी तिला स्वतःला काय व्हायचे होते. कदाचित हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नसेल. ती जे उत्तर देईल ते नीट ऐकून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी दप्तर उचलताना ते आठवा.